बंपरची मागची बाजू : स्पोर्ट्स कारची जुनी बॉडी किट विकायला काढताना

कोल्हापुरात गाडीचा नाद नवा नाही. हुपरी रस्त्यावर गो-कार्टचा ट्रॅक आहे, आणि एमएच ०९ चा पसंतीचा नंबर मिळवायला माणसं एखादी जुनी गाडी येईल एवढे पैसे मोजतात. बॉडी किट, म्हणजे गाडीचं रूप बदलायला वरून बसवलेले बंपर, स्कर्ट, स्पॉयलर वगैरे भाग, लावताना तर अर्धी गल्ली गोळा होते. ती काढून विकायची वेळ आली की मात्र मालक एकटाच उरतो. गाडीला गिऱ्हाईक आलेलं असतं आणि ते म्हणत असतं, "मला कंपनीचा बंपर लावून द्या." नाहीतर नवी किट आलेली असते आणि जुनी माडीवर धूळ खात असते. आई रोज विचारते, "ते एवढं मोठं प्लास्टिक कधी हलणार रे?"

पहिल्यांदाच असा माल विकायला काढणाऱ्यासाठी हे लिहितोय. उदाहरण फोर्डच्या मस्टँगचं घेतो, कारण २०१६ मध्ये ती भारतात अधिकृतपणे आल्यापासून हौशी लोकांनी सगळ्यात जास्त प्रयोग तिच्यावर केलेले मी पाहिले. तुमची गाडी बीएमडब्ल्यूची झेड फोर असो नाहीतर पोर्शची केमन, पद्धत तीच.

आधी मूळ भाग शोधा

किट लावताना निघालेला कंपनीचा बंपर कुठे आहे? हा प्रश्न पहिला. बरेच जण तो गॅरेजमध्येच सोडून येतात आणि दोन वर्षांनी विचारायला जातात. तोवर त्याची जाळी दुसऱ्या कुणाच्या गाडीत आणि ब्रॅकेट भंगारात गेलेलं असतं. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे मस्टँगवाल्यानं तर मूळ बंपर सोन्यासारखा जपावा. मूळ भाग हातात येऊन गाडीवर नीट बसल्याशिवाय जुन्या किटचा विसार घेऊ नका. बंपर विकला आणि गाडी बोडकी उभी राहिली, असं झालेलं मी बघितलंय. गिऱ्हाईक रोज फोन करतंय आणि इकडे मूळ बंपरचा पत्ता नाही.

मूळ भागही किटबरोबर विकून टाकायचा मोह होतो. तो आवरा. गाडी विकताना मूळ बंपर सोबत असेल तर घेणारा निवांत असतो.

काढण्याआधी फोटो

किट गाडीवर असतानाच दिवसाउजेडी फोटो घ्या. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि हेडलाइट व बंपर यांच्यामधल्या फटीचे अगदी जवळून. ही फट दोन्हीकडे सारखी दिसली की घेणाऱ्याचा निम्मा संशय जातो, कारण आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीबाहेर बनलेल्या, मालाची खरी बोंब फिटिंगची असते. भाग एकदा खाली उतरला की तो नीट बसत होता हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. रंकाळ्यावर संध्याकाळच्या उन्हात काढलेले फोटो दिसतात झकास, पण त्यात फट दिसत नाही. ते स्टेटसला ठेवा.

उतरवणं

पुढचा बंपर एकट्यानं काढू नका. मस्टँग १.९ मीटरहून रुंद आहे आणि बंपर जवळपास तेवढाच लांब. एका टोकाला धरून ओढला की दुसऱ्या टोकाचा कान, म्हणजे स्क्रू-क्लिप बसायची जागा, तुटलाच म्हणून समजा. दोघं जण हवेत, आणि खाली घोंगडं किंवा जुनी गादी. गाडीच्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेला मास्किंग टेप लावा. सेन्सर, कॅमेरा किंवा फॉगलॅम्पची वायर असेल तर आधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबा, मग कनेक्टरला हात लावा. पुढे एअरबॅगचे सेन्सरही असतात. त्यांची खात्री नसेल तर ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

स्पॉयलर (डिकीवरचा पंख) आणि साइड स्कर्ट (दारांखालची पट्टी) अनेकदा दोन्हीकडून चिकटणाऱ्या डबल टेपवर असतात. पान्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. हेअर ड्रायरनं टेप कोमट करा, मागून तंगूस घाला आणि दोन्ही हातांनी करवतीसारखी मागे-पुढे ओढत जा. मासे पकडायची साधी नायलॉनची तंगूस चालते. टेप कापली जाते, रंग शाबूत राहतो. गाडीवर उरलेला चिकटा अंगठ्यानं घासून निघतो. वेळ लागतो, पण निघतो.

क्लिपा, स्क्रू, ब्रॅकेट, जाळ्या हे सगळं त्या त्या भागाच्या नावाच्या पिशवीत टाका. एक पिशवी हरवली तर समोरचा पैसे कापतो, आणि पाच रुपयांच्या क्लिपेमागं पाचशे कापतो.

आता उलटा करा

इथं घाई करू नका, कारण भावाचा सगळा खेळ या बाजूला आहे. घेणारा पुढची बाजू विकत घेत नाही. पुढची बाजू तो रंगवणारच आहे. त्याच्या गाडीचा लाल आणि तुमच्या गाडीचा लाल कागदावर एक असला तरी उन्हात वेगळा दिसतो. म्हणून तो विकत घेतो ती मागची बाजू. भाग कशाचा आहे, किती वेळा फुटला, कुठं जोडला, कान किती उरलेत, हे सगळं तिथं दिसतं.

आधी माल ओळखा. मागून धुवून पुसा आणि शोधा. साच्यात बनलेल्या प्लास्टिकवर बहुधा दोन बाणांच्या मध्ये छोटी अक्षरं उठवलेली असतात : पीपी, एबीएस किंवा पीयूआर. पीपी लवचिक असतं, दाबलं की वाकून परत येतं. पण त्यावर रंग सहजासहजी धरत नाही, खास प्रायमर लागतो. एबीएस जास्त ताठ, रंगाला चांगलं, ठोकर बसली तर तडकणारं. पीयूआर म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखं वजनदार. बराच काळ वेडंवाकडं ठेवलं तर त्याला वाक येतो.

अक्षरं नाहीत, मागची बाजू खरखरीत आहे आणि त्यात काचेच्या तंतूंची जाळी दिसतेय, तर तो फायबर. बोटानं वाजवा, कडक टणटण येते. फायबरचा दोष म्हणजे वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. त्या रंगाच्या की आतपर्यंत गेलेल्या, हे मागून टॉर्च लावून बघा. उजेड रेषेसारखा झिरपला तर भेग आरपार आहे. फायबर दुरुस्त करणं मात्र सोपं. रेझिन, मॅट (काचेच्या तंतूंचं कापड) आणि धीर असला की झालं. फाउंड्रीच्या या गावात पॅटर्न-साच्याचं काम जाणणारे हात अजून पुष्कळ आहेत. उद्यमनगर किंवा शिरोलीकडे विचारपूस केली तर तुटलेला कान असा बसवून मिळतो, की तुम्हालाच पुन्हा शोधावा लागतो. जोडलेलं लपवायचं मात्र नाही. त्याचाही फोटो द्यायचा.

कार्बनच्या नावाखाली सगळ्यात जास्त फसवाफसवी चालते. स्टिकर असेल तर कडेला टोक सापडतं, नखानं उचलतं. फायबरवर कार्बनचा एकच थर दिला असेल तर पुढं देखणी वीण आणि मागं पांढरट काचेची मॅट दिसते. ती वस्तू वाईट नाही, पण ती "फुल कार्बन" म्हणून विकू नका. उन्हानं वरची क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, पिवळी पडली असेल तर तेही सांगा. पॉलिशनं ती थोडी सुधारते, पूर्ण जात नाही.

आणि पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पुढे आलेली पट्टी) असेल तर तो उलटा करून खालचा भाग दाखवा. कोल्हापुरातल्या स्पीडब्रेकरांवरून गेलेला स्प्लिटर खालून घासलेला नसेल, तर घेणाऱ्याला वाटेल तो कधी लावलाच नव्हता!

एक चूक जवळपास प्रत्येक जण करतो. विकण्याआधी भाग नवीन रंगवून घेतो. करू नका. ताज्या रंगाखाली लांबी (पुट्टी) किती भरलीय हे कुणाला कळत नाही, म्हणून शहाणा गिऱ्हाईक तिथूनच मागं फिरतो. रंगाचे पाच-सात हजार गेले आणि भाव उलट उतरला, असं होतं. धुवा, पुसा, तसाच ठेवा.

कुठल्या गाडीला बसतो, हे बिनचूक लिहा

"मस्टँगचा बंपर" एवढं पुरत नाही. सहाव्या पिढीच्या मस्टँगचा चेहरा २०१८ च्या मॉडेलला बदलला. बॉनेट खाली आलं, हेडलाइट आणि पुढचा बंपर वेगळे झाले. २०१५ ते १७ चा पुढचा बंपर किंवा त्याचा स्प्लिटर पुढच्या गाडीला बसत नाही. हे मला माहीत होतं, तरी एकदा फोनवर बेंगळुरूच्या माणसाला "बसतो की" म्हणून मोकळा झालो. त्याची गाडी बाहेरून आणलेली, नव्या चेहऱ्याची निघाली. बंपर गेला तसा परत आला आणि दोन्हीकडचं भाडं माझ्या खिशातून गेलं. तेव्हापासून मी आधी त्याच्या गाडीचा समोरून फोटो मागतो, मग पुढचं बोलतो.

नावांचाही गोंधळ असतो. "जीटी ३५०" असं लिहिलं तर जाणकाराला खऱ्या शेल्बीचा, म्हणजे मस्टँगच्या जास्त ताकदीच्या खास आवृत्तीचा, भाग वाटतो. खऱ्या जीटी ३५० चं बॉनेट आणि फेंडरही वेगळे असतात, नुसता बंपर काढून साध्या गाडीवर चढत नाही. तुमचा भाग साध्या गाडीला बसेल असा बनवलेला असेल तर "जीटी ३५० स्टाईल, कॉपी" असंच लिहा. कॉपी विकणं लाजिरवाणं नाही, कॉपीला ओरिजिनल म्हणणं आहे. नामांकित कंपनीचा माल असेल तर मागचा शिक्का, स्टिकर, बिल, जे असेल त्याचा फोटो द्या.

शक्य तिथं टेप धरून फोटो काढा. दोन भोकांमधलं अंतर, स्कर्टची लांबी. निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

जाहिरात कशी लिहावी, याचा माझा नमुना असा :

"मस्टँग, २०१५ ते १७ चेहरा. पुढचा बंपर, जीटी ३५० स्टाईल, कॉपी. पीपी प्लास्टिक. दोन वर्षं वापरलेला. डावीकडचा एक कान तुटून जोडलेला, फोटो ६. खाली घासलेला, फोटो ७. जाळ्या आहेत, फॉगलॅम्प नाहीत. क्लिपा-स्क्रू सोबत. रंग पुन्हा करावा लागेल. माल कोल्हापुरात. पॅकिंग माझं, भाडं तुमचं."

यात एकही विशेषण नाही. "कडक कंडिशन", "नाद खुळा" वगैरे लिहिलं की फोन जास्त येतात, पण ते सगळे "लास्ट किती?" विचारणाऱ्यांचे.

भाव

तुम्ही किती घातले, हे विसरा. आज तोच भाग नवीन मागवला तर भाडं, कस्टम, जीएसटी धरून घरपोच किती पडेल ते काढा. समजा ८० हजार. घेणाऱ्याला त्यावर रंग आणि फिटिंग करायचंच आहे, मग नवा असो की जुना. त्यामुळे जुन्यासाठी तो निम्म्याच्या आसपास विचार करतो. पीपी असेल, कान धड असतील, ब्रॅकेट पूर्ण असतील तर ४० वर अडून बसा. भेगाळलेला फायबर असेल तर २० आले तरी नारळ फोडा. हा माझा ठोकताळा आहे, सरकारी दर नव्हे.

पूर्ण सेट एकत्र विकावा की सुटा? मी आधी सेट म्हणून ठेवतो. महिनाभर हलला नाही तर फोडतो. फोडताना पुढचा बंपर शेवटी द्या. तो आधी गेला की उरलेल्या स्कर्टकडं कुणी फिरकत नाही.

एक जुळणी आधीच करून ठेवा, स्वतःशी. किमान किती, हा आकडा ठरलेला असू दे. रात्री साडेअकराला आलेल्या फोनवर तो ठरवायचा नसतो.

कायद्याचं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा सूर एकच आहे : कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मालकानं मनमानी बदल करायचा नाही. नियमाबाहेरच्या बदलासाठी कलम १८२ ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून "आरटीओला काही अडचण येत नाही" असं आश्वासन घेणाऱ्याला कधीही देऊ नका. लावायचं की नाही आणि कुठं वापरायचं, ते त्यानं ठरवावं. तसं मेसेजमध्ये लिहूनही ठेवा.

त्याच कलमात विकणाऱ्यासाठीही एक काटा आहे. सरकारनं सुरक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमात बसत नसताना विकला, तर प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्कर्ट-स्पॉयलर विकताना त्यासोबत जुना सीटबेल्ट, एअरबॅग, ब्रेकचं सामान "जाऊ दे सेटमध्ये" म्हणून ढकलू नका.

माल तुमचा आहे, याचा पुरावा हवा. बिल असेल तर उत्तम. नसेल तर तुमच्या नंबरच्या गाडीवर तो भाग लावलेला जुना फोटो आणि किट बसवणाऱ्या गॅरेजची पावती. चोरीचा माल घेणाराही कायद्यात अडकतो, त्यामुळे समोरच्यानं बिल मागितलं तर रागवायचं कारण नाही. उलट काहीच न विचारणाऱ्याचं मला जास्त नवल वाटतं.

पैसे

माल न बघता, भाव न करता "मी सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, लगेच पैसे पाठवतो" म्हणणारा माणूस आणि पाठोपाठ आलेला क्यूआर कोड, हा खेळ आता जुना झालाय, तरी माणसं फसतात. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तत्काळ फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

माझी रीत अशी : २० टक्के विसार आला की जाहिरात उतरवायची, पॅकिंग करतानाचा व्हिडिओ पाठवायचा, आणि उरलेले पैसे खात्यात दिसल्यावरच माल गाडीत चढवायचा. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. पुण्याचा गिऱ्हाईक फार साशंक असेल तर साताऱ्यात भेटा. दोघांनाही साधारण सारखंच पडतं, आणि बंपर त्याच्या गाडीला तिथंच लावून बघता येतो.

पाठवणी

इथं बहुतेकांचा नफा जातो. कुरिअर कंपनी वजनावर पैसे लावते, पण काट्यावरच्या वजनावर नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून, अनेक ठिकाणी ५००० नं भागून जे येईल ते वजन धरतात. १९० बाय ६० बाय ४५ चा खोका घ्या. गुणाकार ५ लाख १३ हजार, भागाकार १०२.६. म्हणजे सात किलोच्या बंपरला १०३ किलोचं भाडं! म्हणून "पोस्टेज माझ्याकडे" असं जाहिरातीत लिहू नका, आधी खोका मोजा.

त्यापेक्षा रात्रीच्या ट्रॅव्हल्सची डिकी किंवा ट्रान्सपोर्ट बरा. पुणे, मुंबई, बेंगळुरू तिन्हीकडे कोल्हापुरातून रोज गाड्या सुटतात. ट्रॅव्हल्समध्ये क्लीनरला समक्ष भेटा, वर बॅगा टाकायच्या नाहीत हे सांगा, आणि चहाचे पैसे द्या. मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल आणि तो राज्याबाहेर जाणार असेल तर ई-वे बिलाचा, म्हणजे जीएसटीखालच्या माल वाहतुकीच्या कागदाचा, प्रश्न येतो, तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आदल्या दिवशी सोडवून घ्या.

पॅकिंगचं एक गुपित. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम आणा, उभा चिरा आणि बंपरच्या सगळ्या कडांवर चढवा. कान असतील तिथं दुहेरी. मग बबल रॅप, मग पुठ्ठा. सायकलच्या दुकानातले मोठे खोके मागितले तर बहुधा फुकट मिळतात, दोन जोडून एक करा. आतली पोकळी रिकामी ठेवू नका, नाहीतर वरून दाब आला की मधोमध मोडतो. कार्बनचं बॉनेट असेल तर पुठ्ठ्याच्या भानगडीत न पडता लाकडी क्रेट करून घ्या. एमआयडीसीत मशीनचे पार्ट पाठवण्यासाठी ते रोज बनतात.

जुलै-ऑगस्टमध्ये पाठवताना पंचगंगेची पातळी बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती. तसं काही होणार असेल तर माल घरात बरा. घेणाऱ्याला सरळ सांगा, पाणी ओसरल्यावर पाठवतो. आणि घरात ठेवतानाही भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, सपाट ठेवा किंवा दोन ठिकाणी आधार देऊन टांगा.

माल पोचल्यावर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढायला समोरच्याला आधीच सांगून ठेवा. तुटला तर कुठं तुटला, यावर नंतर वाद नको.

नाहीच गेला तर

सहा महिन्यांत विकला गेला नाही तर पीपी आणि एबीएसचे भाग भंगारवाला किलोवर घेतो, कारण ते वितळतात. फायबर वितळत नाही, त्यामुळे तो घेत नाही, आणि तुमच्या दारात ठेवूनही जात नाही. माझ्याकडचा एक भेगाळलेला साइड स्कर्ट शेवटी ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दिला. त्याच्याकडं नवीन लागलेली पोरं त्यावर आधी मॅट लावायला आणि मग वॉटर पेपर मारायला शिकतात. परवा गेलो तेव्हा त्याच्यावर सहावा रंग चालला होता.